तिसरं बेअरिंग

३ मार्च, सोमवार

ही वही मुलीने पाठवली. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात एकच ओळ आहे, "बाबा, ओरडण्याआधी इथे लिहा." मी ओरडतो असं या घरात सगळ्यांना वाटतं. मी ओरडत नाही. मी चूक झाली की चूक म्हणतो, आणि चुका करणाऱ्यांना ते मोठ्याने ऐकू येतं.

तर लिहितो. आज सकाळी पाणीपुरवठा केंद्रातून फोन आला. तुमच्या पंपाचं बेअरिंग गेलं. अडीच महिन्यांत तिसऱ्यांदा! मी हिशोब केला होता चाळीस हजार तासांचा, म्हणजे रात्रंदिवस चालवलं तरी साडेचार वर्षं. टिकलं किती, साडेतीनशे तास. कुणीतरी गाढवपणा केलाय आणि तो मी केलेला नाही.

पुढे कुणी माझ्या नावाने खडे फोडायला नको म्हणून मुद्दा नोंदवून ठेवतो. पंप उभा आहे. मोटर वर, पंखा खाली विहिरीत, आणि मोटरमधून आरपार खाली पंख्यापर्यंत लांब शाफ्ट. पाणी वर ढकलताना पंखा शाफ्टला खाली ओढतो. हा सगळा भार वरच्या टोकाशी पेलायचा असतो. त्यासाठी अँग्युलर कॉन्टॅक्ट बॉल बेअरिंग लागतं. त्यात गोळ्या कडीला तिरक्या टेकतात, त्यामुळे ते असा भार झकास पेलतं, पण एकाच बाजूने. दुसऱ्या बाजूने ढकललं तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून तोंड कुठे करायचं हे कळावं लागतं. मी चाळीस अंशांची दोन बेअरिंगं निवडली, एकावर एक, दोन्ही खालचा भार घेणारी.

आमच्या जुन्या पंपात वर आणखी एक तिसरं असायचं, उलट्या तोंडाचं. ते मी या नव्या पंपातून काढून टाकलं. भार खाली आहे तर वरच्या बाजूला पहारा कशाला? उगाच गरम होतं आणि उंची वाढते. तिसरं बेअरिंग म्हणजे आमच्या आधीच्या लोकांची भीती, दुसरं काही नाही. या बदलाचं मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं.

५ मार्च, बुधवार

खरेदीवाल्याला धारेवर धरलं. म्हटलं, "स्वस्तातला नकली माल गळ्यात मारलात ना आमच्या?" त्याने तीन खोकी, तीन पावत्या आणि बनवणाऱ्या कंपनीचं पत्र टेबलावर मांडलं. माल अस्सल आहे. वर म्हणतो, "साहेब, पाणी हवं का? चेहरा लाल झालाय तुमचा."

पाणी हवं का म्हणे.

७ मार्च, शुक्रवार

आज निकामी बेअरिंग उघडून पाहिलं. गोळ्यांवर फरफटल्याच्या खुणा, रया गेलेली. जोडी बसवताना दोन्ही बाहेरच्या कड्यांवरची बाणाची खूण जुळवायची असते. ती बरोबर जुळलेली होती. म्हणजे तोंडं उलटी बसवलेली नाहीत. मग राहिलं काय? हातोडा. तापवून अलगद बसवायच्या ऐवजी ठोकून बसवलंय, दुसरं काय.

बसवलं कुणी, तर डॉक्टरने. डॉक्टर म्हणजे आमच्या कारखान्यातला सगळ्यात जुना फिटर. लांब पेचकसाचं टोक मशीनला लावतो, मूठ कानाला, आणि आत काय दुखतंय ते सांगतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. एकवीस वर्षं आम्ही एका छताखाली काम करतोय, पण गेटच्या आत तो मला साहेब म्हणतो आणि मी त्याला अहो-जाहो करतो. घरचा माणूस म्हणून मी त्याला सुईच्या टोकाएवढीही सूट दिलेली नाही. हे सगळा कारखाना जाणतो. याचा मला अभिमान आहे.

दुपारी हे गृहस्थ माझ्या टेबलाशी आले. हातात वर्तमानपत्राची पुडी.

"साहेब, जरा बघता का? शाफ्ट वर येतोय."

"काय येतोय?"

"वर. पंप सुरू करताना. मी परवा नवी जोडी बसवायला केंद्रावर गेलो होतो. मोटरच्या माथ्यावरचं झाकण काढलं, झाकणाच्या आतून हा चिकटवला, शाफ्टपासून नखभर अंतर ठेवून. पंप चालू केला, बंद केला, काढला. बघा ना."

पुडी उघडली. आत साबणाची वडी. कपडे धुण्याच्या साबणाची!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे मायक्रॉनची भाषा चालते आणि हे महाशय साबण घेऊन आलेत. म्हटलं, "भार खाली असताना शाफ्ट वर कशाला येईल? हौस म्हणून?" तो म्हणाला, "ते मला नाही सांगता येणार. पण जुन्या पंपात वर उलट्या तोंडाचं एक असायचं. ते होतं तोवर असं कधी झालं नाही." म्हणजे आता फिटर मला बेअरिंग निवडायला शिकवणार! सेक्शनमधली सहा माणसं माना खाली घालून ऐकत होती. त्यांच्यासमोरच सांगितलं, "डॉक्टर, तुम्ही बेअरिंग नीट बसवा. निवडायचं काम माझं आहे."

तो गेला. पुडी टेबलावरच राहिली. खणात भिरकावली.

८ मार्च, शनिवार

जेवताना बायकोने विचारलं, "काल त्याला सगळ्यांसमोर बोललात?" म्हणजे चहाडी पोचली. म्हटलं, "कामावर मला नाती नसतात." ती म्हणाली, "हो, ते दिसतंच." आणि उठून गेली. बायकांना तत्त्व कळत नाही.

१२ मार्च, बुधवार

मोठ्या साहेबांनी लेखी अहवाल मागितला. अर्धं गाव एका पंपावर आलंय, केंद्राकडून पत्रांवर पत्रं येतायत, वरून विचारणा आहे, कुणाची तरी जबाबदारी निश्चित करा म्हणाले. चार वेळा कच्चं लिहिलं. शेवटी स्वच्छ लिहिलं: निवड निर्दोष, माल निर्दोष, बसवणुकीत हलगर्जीपणा.

सही करताना एक क्षण थांबलो. मनात आलं, नात्यातला नसता तर एवढं कडक लिहिलं असतं का? लगेच स्वतःलाच झापलं. नात्यातला आहे म्हणूनच कडक लिहायला हवं, नाहीतर उद्या लोक म्हणतील, मेहुण्याला वाचवलं.

१४ मार्च, शुक्रवार

डॉक्टरने बसवलेली जोडी काढायला लावली, बेअरिंगचं घर कारखान्यात मागवलं आणि त्यात नवी जोडी माझ्या डोळ्यांदेखत बसवून घेतली, दुसऱ्या फिटरकडून. तापवणं, खुणा, घट्टपणा, सगळं स्वतः तपासलं. हातोडा खोलीतच येऊ दिला नाही. आता बघू.

१८ मार्च, मंगळवार

डॉक्टरला निलंबित केलं. चौकशी ८ एप्रिलला. दोषी ठरला तर घरी.

मी काही हे मागितलं नव्हतं. मी अहवाल लिहिला होता. पुढचं ज्याने त्याने ठरवायचं. आज गेटपाशी त्याने हत्यारांची पेटी सुरक्षारक्षकाला उघडून दाखवली. लांब पेचकस त्याचा स्वतःचा, तरी रक्षकाने पावती मागितली. मी गाडीतच बसून होतो. खाली उतरलो असतो तर लोकांना वाटलं असतं, मध्ये पडतोय.

२३ मार्च, रविवार

बायको चार दिवस भावाकडे राहून आली. आल्यावर माझं ताट वाढलं, समोर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी विचारलं, "काय म्हणतो?"

"कोण?"

"तुझा भाऊ."

"माझा भाऊ काही म्हणत नाही. वहिनी म्हणते. तिचं मी ऐकून घेतलं."

थोड्या वेळाने आतूनच म्हणाली, "घरचा म्हणून सूट नाही, घरचा म्हणून सूट नाही, एकवीस वर्षं ऐकतेय. सूट मागितली कुणी होती?"

याचा इथे काय संबंध, मला अजून कळलेलं नाही. मुलीला फोन लावला तर ती म्हणाली, "बाबा, मामाचं ऐकून तरी घेतलंत का?" सगळे एका माळेचे मणी. भात गार झाला होता, तसाच खाल्ला.

३१ मार्च, सोमवार

गेलं. चौथ्यांदा.

माझ्या डोळ्यांदेखत बसवलेलं. हातोड्याशिवाय, अस्सल, खुणा जुळलेलं. सतरा दिवस.

२ एप्रिल, बुधवार

कालच नवी जोडी बसवून आज स्वतः केंद्रावर गेलो. आजवर गेलो नव्हतो. कशाला जायचं? पंप आमच्या चाचणीच्या हौदावर चालवून पाहिला होता, तिथे लोण्यासारखा चालला होता.

केंद्रावरच्या ऑपरेटर बाई साठीच्या. पहिलंच वाक्य, "ते कानाला पेचकस लावणारे नाही आले?" म्हटलं, "नाहीत." बाई म्हणाल्या, "त्यांना सगळं सांगून झालंय माझं. आता परत तेच सांगू का?"

"सांगा."

"टाकी भरली की पंप बंद. दिवसातून पाच-सहा वेळा. बंद झाला की लायनीतलं पाणी खाली उतरून जातं, तिथली झडप धड बसत नाही, आम्ही कितीदा लिहिलंय. मग परत सुरू करायचा तर लाईन रिकामी. सुरू केला की त्याला उचकी लागते. एकदाच. मग बसतो गप्प."

"उचकी म्हणजे?"

"आता करतेच ना सुरू. हात ठेवा इथे."

मोटरच्या खाली बेअरिंगच्या घरावर हात ठेवला. बाईंनी बटण दाबलं. तळहाताला खालून वर एक ठोका बसला. मग सरळ घरघर. मी म्हटलं, परत. लाईन रिकामी व्हायला अर्धा तास थांबलो. परत ठोका. पाच वेळा करायला लावलं. पाचव्या वेळी बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, त्यांना एकदाच पुरलं होतं."

३ एप्रिल, गुरुवार

खण उघडला. पुडी तिथेच होती. घरी घेऊन आलो.

साबणाच्या मध्यावर एक गोल दाबलेला, वाटीच्या तळाएवढा, कडा स्वच्छ. गोलाच्या बरोबर मध्ये बारीक टेंगूळ. शाफ्टच्या टोकाला मध्यावर छोटं भोक असतं, साबण त्यात शिरून वर आलाय. शाफ्ट वर आला आणि आपली सही करून गेला. मी मोजलं. साबण मोजला! आधीचं नखभर अंतर धरलं तर दीड मिलिमीटर.

मग पॅड ओढलं आणि हिशोब मांडला. लाईन रिकामी असेल तर पंपाला दाब नसतो. पाणी भसाभस सुटतं आणि जाताना पंख्याला वर उचलतं. मोजून दोन-तीन सेकंद. तेवढ्या वेळात माझी दोन्ही बेअरिंगं रिकामी होतात, कारण दोघांचीही तोंडं एकाच बाजूला, आणि गोळ्या फिरायच्या सोडून फरफटतात. मग शाफ्ट धाडकन खाली बसतो. दिवसातून पाच-सहा वेळा. आमच्या हौदावर लाईन कायम भरलेली असते, म्हणून तिथे उचकी नाही.

मी चालणाऱ्या पंपाचा हिशोब केला. सुरू होणाऱ्या पंपाचा केलाच नाही. पंप आधी सुरू होतो आणि मग चालतो, एवढं मला तीस वर्षं नोकरी करून कळू नये. भीती नव्हती ती, मूर्खा. आधीच्या लोकांना हे माहीत होतं. तिसरं बेअरिंग यासाठीच होतं.

आज प्रथमच ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस मला सापडला आणि त्याच्यावर ओरडायला आवाजच फुटेना. पॅड भिंतीवर फेकलं. बायको दारात येऊन उभी राहिली. मी तिला साबण दाखवला. ती म्हणाली, "कळलं?" मी म्हटलं, "कळलं." तिने पॅड उचलून टेबलावर ठेवलं आणि गेली.

४ एप्रिल, शुक्रवार

मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"हे बघा, तिसरं बेअरिंग टाका. सुधारित आवृत्ती म्हणू. पण जुना अहवाल कशाला उकरता? तो केंद्राकडे गेलाय. आता आपणच खोटे ठरू."

"आणि डॉक्टर?"

"त्यांना समज देऊन परत घेऊ. एवढी माफक शिक्षा. तुमचेच नातेवाईक ना? समजावा घरी. मिटेल."

घरी समजावा म्हणे! एकवीस वर्षं मी नातं गेटच्या बाहेर ठेवलं, आणि आता चूक झाकायला त्यांना ते आत हवंय. मी काय काय बोललो ते लिहीत नाही, मुलगी कधीतरी ही वही वाचेल. शेवटी साहेब म्हणाले, "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमच्या. विचार करा."

८ एप्रिल, मंगळवार

चौकशी. तीन माणसं टेबलामागे, डॉक्टर समोर, इस्त्रीचा सदरा घालून. माझा अहवाल मोठ्याने वाचला. "बसवणुकीत हलगर्जीपणा" हे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकले आणि कानशिलं तापली. डॉक्टरला विचारलं, "काही म्हणायचंय?" तो म्हणाला, "सांगायचं ते ७ मार्चला साहेबांना सांगितलंय."

मी उठलो. दुसरा अहवाल वाचला. निवड माझी, चूक माझी, फिटरने कारण वेळेवर दाखवलं, मी ते पाहिलं नाही. साबण टेबलावर ठेवला. टेबलामागचा एकजण हसला. मी त्याच्यावर असा खेकसलो की शिपाई दार उघडून आत बघून गेला. म्हटलं, "हसू नका. मीही हा खणात भिरकावला होता."

निलंबन रद्द. डॉक्टरच्या कागदावर डाग नाही, तसं लेखी देणार. माझ्याबद्दल वर कळवणार. कळवोत.

डॉक्टर माझ्याकडे न बघता गेला.

१३ एप्रिल, रविवार

त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. या म्हणाली नाही, नको पण म्हणाली नाही. तो ओट्यापाशी उभा राहून मिक्सर दुरुस्त करत होता.

"या, दाजी."

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"ते ऐकलं मी. सगळ्यांसमोर म्हणालात, मोठी गोष्ट आहे." मिक्सरचं झाकण बसवलं, एक स्क्रू आवळला. "चुकल्याचा राग नाही हो. चूक कुणाचीही होते. मी पण केल्यात."

"मग?"

"दाजी, त्या दिवशी साबण घेऊन दुसरा कुणी फिटर आला असता, तर तुम्ही बघितला असता. शिव्या घातल्या असत्या, पण बघितला असता. मी तुमचा मेहुणा म्हणून नाही बघितलात. सहा माणसांना दाखवायचं होतं ना, की मेहुण्याचं ऐकत नाही."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं.

"सूट नको होती मला," तो म्हणाला, "सगळ्यांइतकं तरी माझं ऐकायचं होतंत."

मिक्सर चालू करून बघितला. चांगला चालला. त्याच्या बायकोने चहा आणला, कप जरा जोरातच ठेवला. मी प्यालो. निघताना तो म्हणाला, "मी परत येणार नाही कारखान्यात. केंद्रावर देखभालीला माणूस हवाय. बाईंनी माझं नाव सुचवलंय."

रस्ताभर माझा संताप संताप होत होता. त्याच्यावर नाही. पण चालताना दुसऱ्या कुणावर तो काढताही येईना. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "बोललात?" म्हटलं, "तो बोलला." तिने ताट वाढलं आणि आज ती समोर बसली.

२९ एप्रिल, मंगळवार

तिसरं बेअरिंग बसवलं, उलट्या तोंडाचं, वरच्या बाजूला. हलका दाब ठेवून. झडपही बदलायला लावली. झाकणाला आतून साबण चिकटवला, माझ्या हाताने. लाईन रिकामी ठेवून पंप दहा वेळा सुरू केला. साबण काढला. कोरा. डॉक्टर आला नव्हता, तो एक तारखेपासून रुजू होणार. ऑपरेटर बाईंनी हात ठेवून पाहिलं आणि म्हणाल्या, "गेली उचकी." मग साबण मागून घेतला, हात धुवायला.

१२ मे, सोमवार

केंद्राला अजून द्यायच्या बाकीच्या चार पंपांसाठी नवं रेखाचित्र मंजुरीला केंद्राकडे पाठवलं होतं. तीन बेअरिंगं, कोन, तोंडं, दाब, सुरू होण्याचा आणि चालण्याचा हिशोब, अकरा पानं. यावेळी बोट ठेवायला जागा नाही, असं मी सेक्शनमध्ये सगळ्यांना सांगितलंही होतं.

आज परत आलं. नामंजूर! पहिल्या पानावर लाल पेनने, ते गोल गोल अक्षर मी एकवीस वर्षं हजेरीपुस्तकात पाहिलंय:

"साहेब, पंप बंद होताना लाईनमधलं पाणी मागे येतं आणि पंखा उलटा फिरतो. तेव्हा भार कुठे जातो? हिशोब जोडावा. — देखभाल विभाग"

डोक्यात तिडीक गेली. कागद टेबलावर आपटला. कालपर्यंत माझ्या हाताखालचा माणूस, आज मला नामंजूर करतो! सेक्शनमधल्या सहाही माना खाली गेल्या. परत उचलला, परत आपटला. बंद होताना काय होतं म्हणे. बंद होताना काय होणार? बंद होताना...

मी अकरा पानं चाळली. पुढून मागे, मग मागून पुढे. मग खुर्ची ओढून बसलो आणि सहाजणांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "डॉक्टर बरोबर विचारतोय. हा हिशोब मी केलेला नाही."

आणि करायला घेतला.